इतिहासाचा उपयोग काय म्हणे!

सतरा वर्षं शिकवतेय. सतरा वर्षांत पहिल्या तासाचा पहिला प्रश्न बदललेला नाही. "मॅडम, हे आम्हाला कशाला?" आम्हाला म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांना, फार्मसीवाल्यांना, कॉमर्सवाल्यांना. विचारणारं पोर अठरा वर्षांचं असतं, त्याचा राग येत नाही. त्यानं विचारायलाच हवं. पण परवा अभ्यास मंडळाच्या बैठकीत हाच प्रश्न एका डॉक्टरेटवाल्या, पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांनी खुर्चीत रेलून विचारला, आणि तेव्हापासून माझं डोकं जे सटकलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

मुद्दा काय, तर पदवीच्या सगळ्या शाखांना सक्तीचा असलेला इतिहासाचा पेपर ऐच्छिक करायचा. ऐच्छिक म्हणजे काय हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ऐच्छिक म्हणजे दोन वर्षांत बंद. तसं तोंडावर म्हणायची छाती होत नाही म्हणून ऐच्छिक. कारणं नेहमीचीच. प्लेसमेंटला उपयोग नाही. मुलांवर लोड आहे. आणि तिसरं, जे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते: "सगळं गूगलवर मिळतं की हो!"

मिळतं ना. शरीररचनाही मिळते, इंटिग्रेशनही मिळतं. काढून टाका मग तेही. अहो, सगळं मिळतं हीच तर अडचण आहे! समोर आलेलं कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, कुणाला खूश करायला लिहिलंय आणि त्यातून काय गाळलंय, हे विचारायची सवय लागावी म्हणून हा विषय असतो. सनावळ्या पाठ करायला मोबाइल आहेच की.

यातला विनोद पुढेच आहे. हेच गृहस्थ स्टाफच्या ग्रुपवर रोज सकाळी न चुकता इतिहास पाठवतात. "हे तुम्हाला शाळेत कधीच शिकवलं गेलं नाही" अशी सुरुवात, पुढे डझनभर उद्गारचिन्हं, आणि खाली कुठल्या तरी सिनेमाच्या सेटवरचा फोटो, 'दुर्मिळ छायाचित्र' म्हणून. मी एकदा न राहवून लिहिलं, सर, तुम्ही ज्या काळातला म्हणताय त्या काळात कॅमेरा नव्हता. उत्तर आलं. अंगठा. नुसता अंगठा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा भाग हजर!

म्हणजे इतिहास यांना हवाच आहे. रोज हवाय, फुकट हवाय, आपल्या चवीचा हवाय. पुरावा मागायला लागला की मात्र तो लगेच निरुपयोगी होतो.

बैठकीत इंजिनिअरिंगचे एक जण म्हणाले, जुनं उकरून आमच्या मुलांना काय मिळणार? मी म्हटलं, कोलंबिया या अमेरिकी अवकाशयानाच्या अपघाताचा चौकशी अहवाल उघडून बघितलाय कधी? 1 फेब्रुवारी 2003 ला परत येताना ते अवकाशयान हवेतच विखुरलं आणि सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. चौकशी मंडळाचे अध्यक्ष नौदलाचे निवृत्त अ‍ॅडमिरल होते, माझ्यासारखी इतिहासाची मास्तरीण नव्हे. त्या अहवालाच्या आठव्या प्रकरणाचं नाव मराठीत सांगायचं तर 'इतिहास हे कारण'. कारण! फोम, पंख, तापमान सगळं मोजून झाल्यावर ते लिहितात की 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर हे तसंच यान गेलं तेव्हा जे चुकलं होतं, त्याचेच पडसाद इथे दिसतात. तेव्हा ओ-रिंगा, म्हणजे रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, आधीच्या उड्डाणांत जळालेल्या सापडत होत्या, पण काही झालं नाही ना, मग चालतंय. एवढ्या थंडीत उडवू नका म्हणून आदल्या रात्री इंजिनिअर जीव तोडून सांगत होते. इकडे फोम आधीच्या उड्डाणांतही सुटत होता, पण काही झालं नाही ना, मग चालतंय. यान वर फिरत असताना काही इंजिनिअरांनी पंखाचे फोटो मिळावेत म्हणून खटपट केली, ते फोटो काढलेच गेले नाहीत. दोन्ही अपघातांत अंतर सतरा वर्षांचं. मी शिकवतेय तेवढंच.

यावर ते म्हणाले, "हे आम्ही आमच्या विषयात सांगतोच." सांगता? तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मी आरियान-5 बद्दल विचारलं, एक हात वर आला नाही. 4 जून 1996, रॉकेटचं पहिलंच उड्डाण. आधीच्या आरियान-4 मधला कोड उचलून नव्यात तसाच टाकलेला. नव्याचा आडवा वेग जास्त, 64 बिटांचा आकडा 16 बिटांत मावेना, आणि उडाल्यावर चाळीसएक सेकंदांत सगळ्याची राख. कहर म्हणजे तो कोड ज्या कामासाठी होता, त्याचा उड्डाणानंतर नव्या रॉकेटला काही उपयोगच नव्हता. जुन्यात नीट चालला होता म्हणून राहिला. ही ओळ इथे कुठून आली, कधी आली, तेव्हा काय गरज होती, हे कुणी धडपणे विचारलं नाही. हा सरळसरळ इतिहासाचा प्रश्न आहे हो! आणि आमची पोरं दिवसरात्र दुसऱ्याचा कोड चिकटवत बसलेली असतात.

फार्मसीच्या मुलांना विचारा, प्रयोगाआधी माणसाची लेखी संमती का घेतात? "नियम आहे, मॅडम." नियम काय आकाशातून पडला? अमेरिकेत टस्कीगीला 1932 ते 1972, चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या सुमारे 400 कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी आरोग्य खातं उपचार न देता नुसतं न्याहाळत बसलं होतं. मध्ये पेनिसिलिन आलं, तरी दिलं नाही. हे कळलं की त्या कागदावरची सही घेताना हात जरा वेगळा चालतो. कॉमर्सवाल्यांसाठी 1998 चं लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट आहे, अमेरिकेतला एक गुंतवणूक फंड. आदल्याच वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले दोघे भागीदार, आणि तरी फंड गाळात गेला. गणितं हुशार होती, पण त्यांना खायला घातलेला भूतकाळ तोकडा होता. एवढंच सांगून सोडते, नाहीतर रात्र सरेल.

आता आमच्या लोकांबद्दल. कारण राग एकट्या त्या गृहस्थांचा नाही. हा पेपर आम्ही करून ठेवलाय कसा? दोन क्रेडिट. एका हॉलमध्ये एकशेवीस मुलं. शनिवारी शेवटचा तास. चाळीस एमसीक्यू, "खालीलपैकी कोणत्या साली" छापाचे. असा पेपर मला दिला तर मीही पळून जाईन. गेल्या सेमिस्टरला इंटर्नलसाठी मी मुद्दाम एक लिहायचा प्रश्न घातला. बहात्तर उत्तरपत्रिका तपासल्या. साठाहून जास्त उत्तरांची सुरुवात एकच: "इतिहास हा मानवी जीवनाचा आरसा आहे." मात्रा, अनुस्वार, चुका, सगळं तंतोतंत. पीडीएफ फिरत होती. आणि ती कुणी सोडली होती? आमच्याच एका सहकाऱ्यानं, दहा वर्षांपूर्वी, आणि त्यानं ती कुठून उचलली देव जाणे. मुलांना नावं ठेवायला जीभ उचलेना. लाल पेन बाजूला ठेवला आणि तशीच बसून राहिले.

आधी विषयाचे हातपाय मोडायचे आणि मग तो चालत नाही म्हणून बोंब मारायची. शिकवायला दोन क्रेडिट द्यायचे, माणसं द्यायची नाहीत, आणि वर "विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प" असा शेरा!

बैठकीत एकच आक्षेप मला ऐकण्यासारखा वाटला, तो समाजशास्त्रवालीचा. ती म्हणाली, पेपर ऐच्छिक करून मोडायला माझाही विरोध आहे, पण सक्तीचा इतिहास म्हणजे शेवटी सत्तेवर असेल त्याचं कीर्तन, त्याचं काय करणार तू? गप्प बसले मी. खोटं नाही ते. सोव्हिएत संघात 1988 साली शाळांच्या इतिहासाच्या परीक्षाच रद्द कराव्या लागल्या, कारण पुस्तकांत छापलेलं खोटं आहे हे झाकून ठेवणं सरकारलाही जमेनासं झालं होतं. कोट्यवधी मुलांनी तेच सक्तीनं पाठ केलं होतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की सक्ती करायचीच तर कागद तपासण्याच्या कामाची करा. अमक्याचीच गोष्ट खरी माना अशी सक्ती आणाल तर पहिली संपावर मी जाईन.

आणि ते काम मुलांना येतं. मी पाहिलंय. एका वर्षी कशी कोण जाणे, पंचवीसच मुलांची बॅच मिळाली. त्यांना मी 'कॉन्स्टंटाइनचं दानपत्र' दिलं, अनुवादाचं एक पान. चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटानं पश्चिमेकडची सत्ता पोपला देऊन टाकली असं सांगणारा हा कागद. एवढंच म्हटलं, यात काही खटकतंय का बघा. वीस मिनिटं कुजबुज. मग मागच्या बाकावरचा, एका कानात इअरफोन तसाच ठेवलेला, कॉम्प्युटरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे सत्रप रोममध्ये काय करतायत? ते पर्शियावाले ना?" कुठून कळलं, तर एका गेममधून! सत्रप म्हणजे पर्शियाचे सुभेदार. 1440 मध्ये लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन विद्वानानं तो कागद बनावट ठरवला, त्यातला एक धागा हाच होता: त्या काळच्या रोममध्ये न शोभणारा शब्द. त्या तासानंतर वर्ग हलेना. पुढचे सर दारात उभे, आणि ही पोरं आपसात भांडतायत की बनवणाऱ्यानं एवढी चूक केलीच कशी. पुढच्या वर्षी पुन्हा एकशेवीस आणि एमसीक्यू. आता तो प्रश्न असा येतो: दानपत्र कुणी खोटं ठरवलं? अ, ब, क, ड.

आज सकाळी बैठकीचं इतिवृत्त आलं. मुद्दा क्रमांक 4: "इतिहास हा विषय ऐच्छिक करण्यास सर्व सदस्यांनी एकमताने मान्यता दिली." एकमताने! मी पंचवीस मिनिटं भांडत होते, घसा बसलाय माझा. समाजशास्त्रवालीनं तर लेखी मत दिलं होतं, त्याचा उल्लेखसुद्धा नाही. उपस्थितांच्या यादीत माझं नाव आहे, आडनाव चुकलेलं. इतिवृत्त तयार करणारे: तेच ते गृहस्थ.

तासाभरात मी दुरुस्ती लिहून पाठवली, कोण काय म्हणालं ते क्रमानं, समाजशास्त्रवालीच्या पत्राची प्रत जोडून, आणि पोच मागितली. मघाशी उत्तर आलं.

अंगठा.