डिओ, गाठ आणि एक आगाऊ फॉरवर्ड

‘रोज सेंट मारणाऱ्यांनो, वेळीच सावध व्हा!’ असा मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या, भजनी मंडळांच्या ग्रुपांवर फिरतोय. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण तो वाचून सिंहगड रोडच्या माझ्या काकूने डिओ कचऱ्यात टाकला आणि डॉक्टरांनी सांगितलेली मॅमोग्राफीही (स्तनांची एक्स-रे तपासणी) ‘आता कशाला’ म्हणून पुढे ढकलली. डिओ गेला तर गेला, तपासणी कशी काय गेली?

मेसेजचं म्हणणं असं: काखेत डिओ मारला की घाम तुंबतो, घामातून बाहेर पडणारं ‘विष’ काखेतल्या लसिकाग्रंथींत साठतं, त्यातून स्तनाचा कर्करोग होतो. डिओ बंद केला की गाठ आपोआप विरघळते.

घाम येतो तो अंग गार ठेवायला. नको ते बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. लसिकाग्रंथींतला कचरा घामावाटे बाहेर पडतच नाही, तर तुंबणार काय? शिवाय घाम अडवतो तो अँटीपर्स्पिरंट, ज्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. साध्या डिओत मुख्यतः सुगंध, अल्कोहोल आणि गॅस. घाम यायचा तो येतोच, एप्रिलमध्ये स्वारगेटला बसची वाट बघत उभ्या असलेल्या कुणालाही विचारा.

कहर म्हणजे पुरुषांबद्दलचं वाक्य: ‘पुरुषांच्या काखेतल्या केसांत हे विष अडकतं, म्हणून ते वाचतात.’ म्हणजे केस हे गाळणं झालं! पुरुषांनाही हा कर्करोग होतो, फार कमी होतो, कारण त्यांच्यात स्तनाच्या ऊती मुळात नावापुरत्या असतात. आणि ‘गाठ काखेच्या बाजूलाच का येते?’ या बिनतोड वाटणाऱ्या सवालाचं उत्तरही तेच आहे. स्तनाच्या वरच्या, काखेकडच्या भागात या ऊती सर्वांत जास्त असतात.

हा प्रश्न कुणी तपासलाच नाही असंही नाही. अमेरिकेत सिॲटलच्या संशोधकांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या 813 आणि न झालेल्या 793 स्त्रियांना त्यांच्या सवयी विचारल्या. डिओ लावता का, अँटीपर्स्पिरंट लावता का, काखेतले केस काढल्यावर लगेच लावता का, सगळं. संबंध सापडला नाही. 2002 साली ‘जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट’मध्ये हे छापून आलंय. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये स्तनाच्या 20 गाठींचे नमुने तपासले तेव्हा पॅराबेन, म्हणजे प्रसाधनं टिकावीत म्हणून घालतात ती रसायनं, सापडली, हे खरं. पण त्यांच्यामुळे कर्करोग झाला, असं त्यातून सिद्ध होत नाही.

मॅमोग्राफीच्या दिवशी मात्र काखेत काही लावू नका म्हणतात. कारण एवढंच की ॲल्युमिनियमचे कण फोटोत पांढरे ठिपके म्हणून दिसू शकतात. गाठ लागली तर डॉक्टर गाठायचा. डिओ सोडून ती विरघळेल म्हणून बसून राहिलेले महिने कुणी परत देणार नाही.

बाकीचे मुद्दे पटकन उरकतो. मनगटं घासली की ‘सुगंधाचे रेणू तुटतात’ म्हणे. तुटत नाहीत. त्वचा जरा गरम होते आणि वरचा हलका लिंबूसर वास लवकर उडतो, इतकंच. अल्कोहोल ‘रक्तात भिनतं’ म्हणे. दोन फवाऱ्यांतलं बहुतेक हवेतच उडून जातं.

एक मुद्दा नाइलाजाने मान्य करतो: सेंट लावून उन्हात गेल्याने काळे डाग पडतात, हे अर्धं खरं आहे. कोलोनमधल्या बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ) तेलात बर्गाप्टेन नावाचं रसायन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की मानेवर ओघळासारखे तपकिरी पट्टे उठतात. म्हणून तर सुगंध उद्योगाने अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत या तेलावर 0.4 टक्क्यांची मर्यादा घातली. तरी भर दुपारी बाहेर पडायचं असेल तर मानेऐवजी कपड्यांवर मारा, झालं. त्यासाठी ‘सेंट म्हणजे विष’ असा डांगोरा कशाला?

आणि शेवटी मेसेज अत्तराच्या वळणावर येतो. ‘शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य, तान्ह्या बाळालाही चालतं.’ बिब्बाही नैसर्गिकच असतो, लावा की गालाला! गुलाबातलं जिरॅनिऑल, लवंगेतलं युजेनॉल ही युरोपने लेबलवर छापायला लावलेल्या ॲलर्जीकारकांच्या यादीत आहेत, फुलातून आली म्हणून त्यांना सूट नाही. उत्तर प्रदेशातल्या कनौजचं देग-भपक्याचं, म्हणजे तांब्याच्या भांड्यांत फुलांची वाफ धरून काढलेलं पारंपरिक अत्तर उतरतं चंदनाच्या तेलात, आणि ते तेल किलोला लाखाच्या वर जातं. पन्नास रुपयांच्या बाटलीत ते कुठून येणार? त्यात बहुधा पॅराफिन तेल आणि कारखान्यातला वास. मला स्वतःला वाळ्याचं अत्तर फार आवडतं. उन्हाळ्यात मनगटावर एक थेंब पुरतो, हवं तर कानाच्या पाळीत फाया ठेवावा. पण बाळाला नको, आणि नवं अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट बघा.

खऱ्या धोक्याबद्दल मात्र मेसेजमध्ये अवाक्षर नाही. डिओचा गॅस आणि अल्कोहोल दोन्ही पेट घेतात. दिवाळीत नटूनथटून, पणत्यांच्या ओळीशेजारी उभं राहून कुणी फवारा मारत असेल तर त्याला आधी आत पाठवा.