उ. ना.

पंचेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय साधा घेतला: कोल्हापुरी गुळाचे तीस वर्षांचे भाव, महागाई वजा जाता. गुळाच्या गावात गुळाचा भाव काय, कुणीही सांगेल!

आधी जिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन', म्हणजे सरकारी आकडेवारीचं पुस्तक, धुंडाळलं. स्कॅन तिरकं, २ आणि ३ जुळे भाऊ. मधूनमधून 'उ. ना.' असं यायचं. दोन दिवस मला ते कुणा साहेबाची सही वाटत होती. 'उपलब्ध नाही' हे तिसऱ्या दिवशी कळलं.

मग एका कार्यालयात गेलो.

"२००३ ची फाईल? पुरात गेली की सर."

"पूर २००५ ला आला होता."

"मग २००३ ची फाईल २००५ ला कपाटातच हुती न्हवं का? खालच्या खणात."

"पण तुमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे."

"ते आत्ता, सर. चहा सांगू?"

चहा मात्र चांगला होता.

महागाई वजा करायची म्हणून घाऊक किंमत निर्देशांक काढला. त्याचे पाये, म्हणजे ज्या वर्षाचा निर्देशांक १०० धरतात ती वर्षं, माझ्या काळात तीन: १९९३-९४, २००४-०५, २०११-१२. नव्या मालिकेचा आकडा मागच्या पायावर न्यायचा तर २००४-०५ ला १.८७३ नं गुणा, २०११-१२ ला आणखी १.५६१ नं. तीन लग्नांची माणसं एका रेशनकार्डावर बसवण्याचा प्रकार. बायको म्हणाली, "एवढ्यात किराण्याचा हिशोब झाला असता." तोही झाला नव्हता, हे खरं.

खरी गंमत पुढं. वर्ष म्हणजे काय, यावरच कुणाचं एकमत नाही. सरकारी हिशोब एप्रिल ते मार्च, शेतीचं वर्ष जुलै ते जून, साखरेचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. आणि गुळाचे सौदे निघतात दिवाळी पाडव्याला, म्हणजे हे वर्ष दरसाल जागा बदलतं. एक्सेलला पाडवा कसा समजावायचा? मी प्रयत्न केला. त्यानं आख्खा रकाना तारखांत बदलून टाकला, १.८७३ सुद्धा.

शेवटी मार्केट यार्डात एका म्हाताऱ्या अडत्याकडं गेलो. त्यांनी माळ्यावरनं लाल वह्या काढल्या. सालवार, तारीखवार, भाव आणि किती रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, गेले ते सगळं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "न्या की, पर परत आणा. आणि ते पीयच्डी का काय, झाली की पेढं नकोत. गूळच वाटा."

घरी येऊन वही उघडली. १९९८ च्या मार्चची दोन पानं एकमेकांना चिकटली होती, गुळानं. सुरी लावून बघितली, चहाच्या किटलीची वाफ दिली. पानं सुटली, पण शाई दुसऱ्या पानावर गेली आणि दोन्हीकडं नुसता जांभळा डाग उरला.

तक्त्यात मार्चच्या चौकोनात मी जरा वेळ बोट ठेवून बसलो. मग टाईप केलं: उ. ना.