हॉर्सपॉवर राहू द्या, शेड कोरडी आहे का ते सांगा

सकाळी गाड्यांच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी विचारलं, "अलिबागच्या वाडीवर कलेक्शन ठेवलंय. आता एक हायब्रिड सुपरकार आणायची आहे. फेरारीची एसएफ९० किंवा २९६, मॅक्लारेनची आर्तुरा, की लॅम्बोर्गिनीची रेव्हुएल्टो?" हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटार दोन्ही असलेली गाडी. प्रश्न सरळ, माणूस सज्जन. आणि उत्तरं काय आली? हजार हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर अडीच सेकंदांत, "भाऊ, व्ही-ट्वेल्व्ह म्हणजे व्ही-ट्वेल्व्ह" (बारा सिलिंडरचं इंजिन), वर आगीच्या इमोजी. गाडी जून ते सप्टेंबर कुठे उभी राहणार, एवढं एकालाही विचारावंसं वाटलं नाही. कोकणात राहणाऱ्यांनाही नाही! अहो, आपण कोयत्याला तेल लावल्याशिवाय पावसाळ्यात खुंटीला टांगत नाही, आणि काही कोटींच्या गाडीला कसोटी कसली लावतो, तर सेकंदांची.

अलिबागजवळच्या चोंढीची ती लाल गाडी इतक्यात विसरलात?

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक कंपनीची नव्हतीच. जूनच्या पहिल्या आठवड्यात मालकांनी गाडी शेडमध्ये घातली, बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) जोडला, वर प्लास्टिकचं कव्हर ओढलं आणि मुंबईला गेले. जुलैच्या पावसात तीन दिवस वीज नव्हती. वीज परत आली, मेंटेनर मात्र सुरू झाला नाही, कारण त्या जातीच्या मेंटेनरला वीज आल्यावर पुन्हा बटण दाबावं लागतं. गणपतीला मालक आले तर दारच उघडेना. वाडी सांभाळणारे काका एवढंच म्हणाले, "शेट, गारी उघरत नाय."

इथेच हायब्रिडचं पहिलं गणित. तिची मोठी बॅटरी कितीही भरलेली असो, छोटी १२ व्होल्टची बॅटरी मेली की गाडी मेली. मोठ्या बॅटरीला बाकी गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे स्विच) १२ व्होल्टवर ओढले जातात. ते ओढले गेले नाहीत तर आत सात युनिट वीज पडून आहे आणि केबिनचा दिवा लागत नाही. विहीर तुडुंब, रहाट तुटलेला. दाराचं कुलूपही विजेचं, म्हणून चावीच्या आत लपलेली धातूची किल्ली कुठे लागते हे मालकाने गाडी घेतानाच करून बघायला हवं, भर पावसात टॉर्च धरून नव्हे.

दुसरं म्हणजे मेंटेनर १२ व्होल्टच्या बॅटरीच्या जातीचा हवा. काही सुपरकारमध्ये ती लिथियमची असते, काहींत एजीएम, म्हणजे लेड-ॲसिडचीच एक जात. लेड-ॲसिडच्या चार्जरमधला डीसल्फेशनचा (प्लेटांवर साचलेले क्षार काढायचा) १५-१६ व्होल्टचा झटका लिथियम बॅटरीला मारक. मेंटेनर विकत घेण्याआधी दुकानातच प्लग काढून परत लावून बघा, आपोआप सुरू होतो का. झालं नाही तर सरळ परत करा. त्याला एक छोटा इन्व्हर्टर पुरतो. निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) श्रीवर्धन-दिवेआगरकडे किती दिवस वीज नव्हती ते आठवा आणि मग बॅकअपची बॅटरी किती मोठी घ्यायची ते ठरवा.

आता निवड. हो, येतो, थांबा जरा.

एसएफ९०: ४ लिटरचा ट्विन-टर्बो व्ही-एट, तीन मोटारी, मिळून १००० सीव्ही (मेट्रिक हॉर्सपॉवर), ७.९ युनिटची बॅटरी, विजेवर २५ किलोमीटर. कागदावर हिच्यापुढे बाकीच्या पाणी भरतील. पण तीनपैकी दोन मोटारी पुढच्या चाकांना, म्हणजे नारिंगी हाय-व्होल्टेज केबल आणि त्यांचे जोड अगदी नाकापर्यंत, जिथे पावसाचं पाणी आणि खारा चिखल सर्वात आधी उडतो. या जोडांत ओल शिरली की इन्सुलेशनचा (वीज बाहेर गळू न देणाऱ्या आवरणाचा) रेझिस्टन्स उतरतो. गाडी तो स्वतः मोजत असते. सुरक्षेचा नियम व्होल्टमागे किमान १०० ओहमचा, म्हणजे ४०० व्होल्टला ४० हजार ओहम. कंपनीने ठरवलेल्या हद्दीखाली आकडा गेला की गाडी चालू व्हायला नकार देते. ती बिघडलेली नसते, तुमचा जीव वाचवत असते. मान्य, ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची ओढ कामाला येते. पण वडखळच्या पुढे भर पावसात हजार घोडे सोडणार कोण?

चोंढीच्या गाडीचं हेच झालं. टेम्पोवरून जंप देऊन ती उठवली (तोही टेम्पोचं इंजिन चालू ठेवून, देव तारी), डॅश उजळला आणि पहिलाच इशारा इन्सुलेशनचा. प्लास्टिकच्या कव्हरखाली तीन महिने वाफ कोंडली होती. गादीवर पांढरी बुरशी, सीटबेल्टच्या बकलवर गंज.

आणि मग गाडी शेडमधून काढायची कशी? हे ग्रुपवरच्या एकाही पंडिताने सांगितलं नाही. एसएफ९०, रेव्हुएल्टो आणि आर्तुरा, तिन्हींच्या गिअरबॉक्सला रिव्हर्स गिअर नाही. मागे जाण्याचं काम इलेक्ट्रिक मोटार करते. हाय-व्होल्टेज बंद तर गाडी एक इंचही मागे जाणार नाही. म्हणून पावसाळ्यासाठी गाडी नेहमी उलटी लावा, नाक दाराकडे. टो-हूक (गाडी ओढायचा हूक) पुढच्या डिकीत न ठेवता शेडच्या भिंतीवर टांगा, कारण डिकीही विजेवर उघडते. गाडी फ्लॅटबेडवरच, म्हणजे अख्खी ट्रकवर चढवूनच न्या. चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेली तर चाकांना जोडलेल्या मोटारी जनरेटर होतात आणि गाडीतल्या इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटारींना पुरवणाऱ्या यंत्राचं) वाटोळं होतं. चोंढीची गाडी नाक भिंतीकडे करून उभी होती. चाकांखाली ट्रॉल्या सारून सहा माणसांनी ती काढली, तेव्हा मालकांचा चेहरा... जाऊ दे.

रेव्हुएल्टोबद्दल बोलताना राग थोडा उतरतो, खोटं कशाला बोला. साडेसहा लिटरचा व्ही-ट्वेल्व्ह, टर्बो नाही, एकट्या इंजिनाचे ८२५ सीव्ही, मोटारींसह १०१५. बॅटरी फक्त ३.८ युनिटची, मधल्या बोगद्यात बसवलेली. ७ किलोवॉटवर अर्ध्या तासात भरते आणि इंजिन चालू असलं तर सहा मिनिटांत. चार्जिंगच्या पॉइंटचा भरवसा नसलेल्या गावात हा मोठा गुण. मांडवा ते अलिबाग साधारण २० किलोमीटर. एसएफ९०, २९६ आणि आर्तुरा हे अंतर मनात आणलं तर विजेवर कापतील. रेव्हुएल्टो दहाएक किलोमीटरवर इंजिन जागं करेल, आणि तो आवाज ऐकायलाच तर ती घ्यायची. पण रुंदी बघा. आरशांसकट २२६६ मिलिमीटर. आपलं आठ फुटी फाटक म्हणजे २४३८. दोन्ही बाजूंना मिळून १७ सेंटीमीटर उरतात, आणि जांभ्याचा चिरा कार्बन फायबरला काय करतो ते वेगळं सांगायला नको. किंमत डिसेंबर २०२३ मध्ये ८.८९ कोटी एक्स-शोरूम होती. फाटक त्यात धरलेलं नाही.

लॅम्बोर्गिनीच्याच टेमेरारिओचं नाव कोणीतरी टाकलंच. एप्रिल २०२५ मध्ये ६ कोटींना आली, १०,००० आरपीएमपर्यंत फिरणारा व्ही-एट, ९२० सीव्ही. गाडी उत्तम असेल, पण पुन्हा तीन मोटारी. तेच तुणतुणं.

आणि तो "दुबईहून ९१८ नाहीतर लाफेरारी आण" म्हणणारा शहाणा! २०१३ च्या त्या तिन्ही गाड्या (पोर्शची ९१८, मॅक्लारेनची पी१, फेरारीची लाफेरारी) कारखान्यातून फक्त डाव्या स्टिअरिंगच्याच निघाल्या. आपल्याकडे आयातीला स्टिअरिंग उजवं लागतं, आणि वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. कार्नेवर (गाडी ठरावीक मुदतीपुरती आयात कर न भरता आणायच्या कागदांवर) तात्पुरती आणा, मिरवा, परत पाठवा. त्याला कलेक्शन म्हणत नाहीत.

राहिल्या दोन. २९६: तीन लिटरचा १२० अंशांचा व्ही-सिक्स, एकच मोटार, तीही इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे, मिळून ८३० सीव्ही, ७.४५ युनिट, फक्त मागची चाकं. पुढच्या ॲक्सलवर मोटारच नाही, म्हणजे तिथले जोडही नाहीत. आर्तुराचा बेतही जवळपास तसाच, १२० अंशांचा व्ही-सिक्स आणि मोटार गिअरबॉक्सच्या तोंडाशी, ७.४ युनिट, सुरुवातीला ६८० पीएस (म्हणजे सीव्हीच) आणि २०२४ पासून ७००. वजन इंधनासकट १४९८ किलो, हायब्रिडला हे फारच हलकं. पहिल्या खेपेच्या आर्तुरा २०२३ मध्ये अमेरिकेत इंधनगळतीमुळे आग लागण्याच्या धोक्यासाठी परत बोलावल्या होत्या, त्यामुळे वापरलेली घेत असाल तर चॅसिस नंबरवरून सगळी परत-बोलावणी पूर्ण झालीत का ते लेखी घ्या. बॅटरीची वॉरंटी आर्तुराला सहा वर्षांची. फेरारीने २०२४ मध्ये अशी योजना आणली की पैसे भरत राहा, आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून मिळेल. पैसे सणसणीत लागतात. पण कलेक्शनची गाडी वीस वर्षं ठेवायची असते, आणि वीस वर्षांनी ही बॅटरी कुठे शोधाल?

"एसएफ९० परदेशात स्वस्त झाली, आता घ्या" म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. स्वस्त झाली खरी. का झाली तेही विचारा की.

शेडचं बोलू, कारण खरा खर्च तिथे. जांभा पाणी पितो आणि महिनोन्महिने बाहेर टाकत राहतो. आतून प्लास्टर, फरशीखाली जाड प्लास्टिकचा थर, दाराला रबराची पट्टी. मग डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र): २० बाय १५ फुटांच्या शेडला दिवसाला ५० लिटरच्या आसपास क्षमतेचा, आणि त्याची नळी थेट बाहेर. बादलीवर ठेवलात तर बादली भरली की यंत्र थांबतं, आणि बादली नेमकी रात्री भरते. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, ४० च्या खाली गेली तर चामडं तडकतं. गाडी आत ठेवायला ते पंखा लावलेले प्लास्टिकचे फुगे विकतात ना, जुलैत ते ९० टक्के आर्द्रतेची हवाच आत फिरवतात. कोरड्या खोलीत ठीक, ओल्या शेडमध्ये पैसे पाण्यात. कव्हर कापडी, श्वास घेणारं.

अर्थिंग मे महिन्यात मोजा. कातळावर उन्हाळ्यात रेझिस्टन्स चढतो आणि चार्जिंगची केबल लाल दिवा दाखवून बसते. ५ ओहमच्या खाली हवं. वळिवाच्या विजा कडाडतात म्हणून सर्ज अरेस्टर (तारेतून येणारा विजेचा झटका अडवणारं उपकरण) मीटरपाशीच. मोठी बॅटरी ४० ते ६० टक्के भरून ठेवा. पूर्ण भरून उकाड्यात ठेवली तर लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी तर त्याहून वाईट. हँडबुक वेगळं सांगत असेल तर हँडबुक ऐका, फेसबुक नको.

आणि कृपा करून "दर रविवारी पाच किलोमीटर फिरवतो" हे सांगू नका. हायब्रिड पाच किलोमीटर विजेवर जाते. इंजिन झोपलेलंच, तेल हललेलं नाही, टाकीतलं पेट्रोल तेच. त्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकी भरून ठेवा म्हणजे आत हवा कमी राहते. महिन्यातून एकदा उघडीप बघून निदान अर्धा तास चालवा, तेल नव्वद अंशांपर्यंत तापू द्या. फेरारीत 'परफॉर्मन्स' मोड, आर्तुरात 'स्पोर्ट', रेव्हुएल्टोत 'रिचार्ज', म्हणजे इंजिन चालू राहतं. दोन मिनिटं चालू करून बंद करणं तर सर्वात वाईट, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते तिथेच राहतं. टायरमध्ये हवा ४५ पीएसआयपर्यंत, बाहेर काढताना परत कमी करा.

विम्यात इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्या, इंजिनात पाणी शिरलं तर साधी पॉलिसी हात वर करते. एवढं पुरे.

तर सद्गृहस्थ, माझं उत्तर: २९६. आर्तुरा चांगल्या हिशेबात आणि स्वच्छ कागदांवर मिळाली तर तीही. रेव्हुएल्टो घ्यायचीच असेल, आणि मन समजतं, तर आधी फाटक रुंद करा. एसएफ९० मुंबईच्या वातानुकूलित तळघरात राहणार असेल तर खुशाल.

चोंढीची लाल गाडी नंतर दुरुस्त झाली. मालकांनी शेड नव्याने बांधली, पण खरी सुधारणा काकांनी केली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी ते रोज दोन गोष्टी लिहितात: आर्द्रतेचा आकडा, आणि मेंटेनरचा दिवा हिरवा असेल तर 'हि'. वीज जाऊन आली की आधी शेडमध्ये जाऊन दिवा बघतात, मग देवघरात निरंजन. मागच्या श्रावणात एका दिवशी आकडा ७१ होता, तर बाजूला लिहिलं होतं, "नली चोंदली, साफ केली."

ग्रुपवर शेडचे फोटो टाका. गाड्यांचे नकोत.