मदरबोर्ड बदलला म्हणून विंडोज फॉरमॅट? कशाला राव

तो मेसेज परत फिरतोय. "मदरबोर्ड बदलला की विंडोज फॉरमॅट मारावंच लागतं, नाहीतर ब्लू स्क्रीन येते, ॲक्टिव्हेशन उडतं, डेटा करप्ट होतो आणि पीसी कायमचा स्लो होतो." चार दावे आहेत, एकेक बघू.

ब्लू स्क्रीन. हे कधीकाळी खरं होतं हो, एक्सपीच्या जमान्यात. एक्सपी इन्स्टॉल होतानाच त्या मशीनचा हॅल म्हणजे हार्डवेअर ॲब्स्ट्रॅक्शन लेयर (विंडोज आणि हार्डवेअरच्या मधला थर) निवडून बसायचा आणि हार्डडिस्क कंट्रोलरचा जो ड्रायव्हर तेव्हा लागला तोच बूटला लोड करायचा, मग चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) बदलला की विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसेना आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत निळी स्क्रीन. विंडोज ७ मध्ये पण बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) डिस्कचा मोड आयडीईचा एएचसीआय केला की तेच, रजिस्ट्रीत हात घालावा लागायचा. विंडोज १० आणि ११ चं तसं नाही. साध्या साटा आणि एनव्हीएमई (डिस्क जोडायचे दोन प्रकार) डिस्कचे ड्रायव्हर विंडोजचे स्वतःचेच असतात, पहिल्या बूटला 'गेटिंग डिव्हायसेस रेडी' येतं, एखाद दुसरा रीस्टार्ट होतो आणि बहुतेक वेळा सरळ डेस्कटॉप. इंटेलवरून एएमडीवर गेलात तरी.

अडकतं कुठे तर दोन ठिकाणी, आणि दोन्ही बायोसची भानगड आहे, विंडोजची नाही. एक म्हणजे स्टोरेजचा मोड. इंटेल ११ व्या जनरेशनपासून बऱ्याच बोर्डांवर व्हीएमडी नावाचं सेटिंग असतं, ते ऑन असेल आणि जुन्या बोर्डावर साधं एएचसीआय चालू होतं तर विंडोजला डिस्क सापडत नाही, ते ऑफ करा. तरी निळं आलं तर एकदा सेफ मोडमध्ये बूट करा आणि मग नॉर्मल, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. दुसरं म्हणजे जुनं विंडोज लेगसी मोडमध्ये (बूटची जुनी पद्धत), एमबीआर डिस्कवर (डिस्कच्या विभागणीची जुनी रचना) टाकलेलं असणं. नवीन बोर्ड फक्त यूईएफआय, म्हणजे बूटची नवी पद्धतच चालवणारा असेल तर त्यावरून बूटच होणार नाही आणि लोकांना वाटतं गेलं विंडोज. अहो एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल २०१७ पासून विंडोजमध्येच आहे, डेटा न पुसता डिस्कची रचना एमबीआरवरून नव्या जीपीटीवर नेतं. बॅकअप घ्या आणि चालवा, पण अगदी बोर्ड काढायच्या आधी, कारण जुना बोर्ड लेगसीवरच असेल तर त्यानंतर तो बूट होणार नाही.

ॲक्टिव्हेशन. हा दावा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच चिडायला होतं. विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः बोर्डाला बांधलेलं असतं, बोर्ड गेला की ॲक्टिव्हेशन जाऊ शकतं, मान्य. पण फॉरमॅट मारून ते परत कसं येणार? बोर्ड तोच नवीन, फॉरमॅटनंतरही विंडोज त्यालाच अनोळखी म्हणणार! करायचं काय तर बोर्ड काढायच्या आधी लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या, नंतर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडा, २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आहे तो. हे रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेल्या लायसन्सला चालतं. ब्रँडेड पीसीबरोबर आलेलं ओईएम असेल तर ते त्या बोर्डाबरोबरच गेलं समजा. कुठलं आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश डीएलआय टाकलं की दिसतं.

आता डेटा करप्ट. बोर्ड बदलल्याने फाइली करप्ट होत नाहीत, सी ड्राइव्हवरचं डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स उडतं ते या मेसेजवाल्यांच्या फॉरमॅटनेच. पण खरा धोका आहे, आणि तो या मेसेजमध्ये नाहीच: बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन. त्याची किल्ली टीपीएममध्ये (किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग) असते आणि टीपीएम बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये. बोर्ड बदलला की निळसर स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. विंडोज ११ चं २४एच२ (२०२४ चं व्हर्जन) नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, मालकाला पत्ताच नसतो. की अकाउंटवर सेव्ह आहे का ते आधी बघा, लिहून घ्या, आणि बिटलॉकर सस्पेंड करून मगच स्क्रू ड्रायव्हर उचला. लॉगिनचा पिन नव्याने सेट करावा लागतो, त्यामुळे अकाउंटचा पासवर्ड आठवत असू दे.

स्लो? जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर पडून राहतात हे खरं, पण ज्याचं हार्डवेअरच नाही तो ड्रायव्हर सहसा लोडच होत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हिडन डिव्हायसेस दाखवायला सांगा, फिकट दिसतील ते, हवे तर काढा. त्रास देतात ती बोर्ड कंपनीची लायटिंगची, फॅनची, ओव्हरक्लॉकिंगची सॉफ्टवेअरं, ती आधीच अनइन्स्टॉल करून टाका. आणि नवीन बोर्डाचा लॅन (नेटचा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा, विसरलात तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट पीसीला द्या.

ऑफिसचा पीसी असेल तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करून घ्या, अकाउंटंट ३१ मार्चच्या आठवड्यात तुम्हाला शिव्या घालणार नाही. मराठी टायपिंगचं श्रीलिपी डाँगलवर (यूएसबीला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) असेल तर डाँगल नव्या पोर्टला लावला की झालं.

फॉरमॅट मी कधी सांगेन? विंडोज आधीच व्हायरसने किंवा क्रॅकने सडलेलं असेल तर. किंवा कोणी अजून विंडोज ७ वर असेल आणि आजच्या बोर्डावर तेच न्यायचं म्हणत असेल तर, त्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, त्यामुळे नवीन बोर्डावर लॉगिन स्क्रीन आली तरी कीबोर्ड-माउस चालेलच असं नाही. तिथे ११ नव्यानेच टाका.