आईचं लक्ष आणि चार स्क्रू

एखाद्या सोसायटीत मूल गॅलरीतून पडलं की मराठी ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: "आई काय करत होती?" त्यामागोमाग शेरा: "आम्ही नाही का पडतझडत मोठे झालो?" जे मोठे झालेच नाहीत ते ग्रुपवर नसतात, म्हणून हा शेरा अजून टिकून आहे.

आम्ही राहतो त्या स्वीडनमधली आई वेगळं काय करते? फोनच बघत असते. फरक खिडकीत आहे. खिडकीचा तळ खोलीच्या फरशीपासून 1.8 मीटरच्या खाली असेल तर लहान मुलाला ती उघडता येऊ नये अशी कडी हवी, नाहीतर ती 10 सेंटिमीटरवर अडायला हवी. गॅलरीचा कठडा 1.1 मीटर, उभ्या गजांतली फट 10 सेंटिमीटरच्या आत, आणि खालच्या 80 सेंटिमीटरांत पाय ठेवायला आडवं काही नाही. आपण नेमके आडवे स्टीलचे पाइप हौसेने बसवतो. ती शिडीच झाली. वर त्याला टेकून कुंड्यांचा स्टँड.

पण नुसत्या नियमांनी भागत नाही. फालशोपिंग या स्वीडनमधल्या गावात 1978 साली आधी दवाखान्यांत येणारी प्रत्येक दुखापत लिहून काढली, मग डॉक्टर, कोम्यून (म्हणजे तिथली नगरपालिका), शाळा, क्लब एकत्र बसले. दुखापती घटल्या. पुढे हे एकत्र काम ढिलं पडलं आणि आकडे पुन्हा चढले. इथले आपले लोक गोष्टीचा पहिला अर्धा भाग कौतुकाने सांगतात. दुसरा सहसा गाळतात.

सोसायटीला जमेल तेही हेच. एक वही. त्यात मुलाचं नाव नको, दोषही नको. वय, वेळ, जागा आणि कशामुळे लागलं, एवढंच. शेजारच्या बालरोगतज्ज्ञांकडूनही तेवढंच मागायचं. तीन महिन्यांत एकच जागा पुन्हा पुन्हा दिसू लागते: टाकीचं झाकण, जिन्याचं वळण, गेट. त्यातली एक निवडायची आणि प्लंबर, वॉचमन, सेक्रेटरी यांच्यापैकी कोणी काय करायचं ते तारखेसह लिहायचं. जाणीवजागृतीच्या पोस्टरने टाकीला कुलूप लागत नाही. आणि वही सांभाळणारा बदली होऊन गेला तर पुढचा कोण, हेही पहिल्याच दिवशी ठरवायचं. फालशोपिंगचा धडा तोच आहे.

घरातल्या बादलीचंही तसंच. रांगत्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड. वाकून आत पडलं की त्याला स्वतःहून वर येता येत नाही आणि आवाजही होत नाही. म्हणून वापर संपला की बादली पालथी. आंघोळीला आधी गार पाणी, मग गरम, म्हणजे मुलाने मध्येच हात घातला तरी भाजत नाही.

गाडीतही तेच जड डोकं. समोरून धडक बसली की ते पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील अशा पाठमोऱ्या खुर्चीत तो ताण खुर्चीच्या पाठीवर पसरतो. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मूल पाठमोरंच बसवायला सांगतात. खुर्ची बसवल्यावर पट्टा जातो तिथे धरून हलवावी, इंचभराहून जास्त सरकली तर बसवणं चुकलं. भारतातही 2019च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा खुर्ची नसेल तर 1,000 रुपये दंड आहे. पावती फाडणारा आहे, खुर्ची बसवून दाखवणारा शोधावा लागतो.

हे सगळं ग्रुपवर ऐकवणारे आम्ही डिसेंबरात मुंबईला उतरतो. टॅक्सीत तेच मूल पुढच्या सीटवर, मांडीत, आजोबांना टाटा करत. कोणी टोकलं तर "इथे चालतं हो" म्हणणारेही आम्हीच. खुर्ची तिकडे तळघरात, आमची वाट बघत.