‘टॅग टाकला की रिलीज झाला’ : निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत चालणाऱ्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं जेमतेम चार, मग 14 पायऱ्यांचा रिलीज-कागद (नवी आवृत्ती बाहेर काढायची कृती) कशाला? स्क्रिप्ट (कमांड आपोआप चालवणारी फाइल) लिहा, टॅग टाकला की रिलीज झाला. वर एवढं लिहूनही नव्या माणसाला वाचून काही कळत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो पूर्ण बरोबर आहे. पाचव्या पायरीत ‘रिलीज करा’ म्हणजे गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टॅग टाका, आणि अकराव्या पायरीत त्याच शब्दांचा अर्थ पायपीआयवर (पायथनची पॅकेजेस ठेवणाऱ्या साइटवर) फाइली चढवा. वाचणारा गोंधळणारच. आता कागदात तीन वेगळे शब्द केलेत: टॅग, आर्काइव्ह (फाइलींचा एकत्र गठ्ठा), प्रकाशन (पायपीआयवर चढवणं).

पण टॅग म्हणजेच रिलीज, हे मान्य नाही. टॅग हे एका कमिटला, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या कोडच्या एका स्थितीला दिलेलं नाव. लोक उतरवून घेतात ते आर्काइव्ह. 2024 मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) सापडलं, तेव्हा ते चालू करणारा बिल्डचा तुकडा गिटमध्ये नव्हताच, फक्त आर्काइव्हमध्ये होता. म्हणून टॅगवरून कोऱ्या क्लोनमध्ये (गिटमधून नव्यानं घेतलेल्या प्रतीत) आर्काइव्ह बनवायचं, उघडून गिटमधल्या फाइलींशी ताडायचं आणि मगच शा-256 चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) लिहायचा. गिटहब (गिटमधला कोड ठेवणारी साइट) आपोआप बनवून देतं त्या आर्काइव्हच्या चेकसमवर विसंबू नका. जानेवारी 2023 मध्ये तिथली कॉम्प्रेशनची पद्धत बदलली. आतला कोड तोच असूनही चेकसम बदलले, बिल्ड अडले आणि तो बदल मागे घ्यावा लागला.

टॅग अ‍ॅनोटेटेडच (कुणी, कधी, कशासाठी हे सोबत नोंदवलेला) हवा, कारण साधा टॅग ‘गिट डिस्क्राइब’ ही जवळच्या टॅगवरून आवृत्ती सांगणारी कमांड एरवी धरत नाही आणि मागच्याच आवृत्तीचा नंबर दाखवतं. नुसत्या ‘गिट पुश’नं टॅग जात नाही, तो नाव घेऊन वेगळा पाठवावा लागतो. आणि एकदा बाहेर गेलेला टॅग हलवायचा नाही. ज्यांनी तो आधी ओढून घेतलाय त्यांच्याकडे जुनाच राहतो, म्हणजे एकाच नावाचे दोन कोड फिरू लागतात.

इथवर चूक झाली तरी सावरता येते. पायपीआयवर नाही. तिथं फाइल पुसून टाकली तरी त्याच नावाची फाइल पुन्हा चढत नाही, 1.4.0 बिघडली तर पुढची 1.4.1च. म्हणून या पायरीला कागदात आता ठळक चौकट आहे आणि तिच्याआधी 1.4.0आरसी1 (अंतिम आवृत्तीआधीची चाचणी आवृत्ती, म्हणजे आरसी) सक्तीची. बिघडलेली आवृत्ती डिलीट न करता ‘यँक’ करायची. पिप (पॅकेज बसवणारं साधन) ती आपणहून निवडत नाही, पण ज्यांनी नेमका तोच नंबर बांधून घेतलाय त्यांचं काम थांबत नाही. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडून कुणी अपलोड करत असेल आणि दोनपैकी एक फाइल, व्हील (बसवायला तयार पॅकेज), चढल्यावर लाइट गेली, तर नवा नंबर घेऊ नका, बिल्डही पुन्हा करू नका. त्याच डिस्ट फोल्डरमधून (बनवलेल्या फाइली असतात तिथून) ट्वाइन या फाइली चढवणाऱ्या साधनाला ‘स्किप एक्झिस्टिंग’ (आधी चढलेली सोड) देऊन राहिलेली फाइल चढवा.

यातलं बरंचसं स्क्रिप्ट करेल, करावंही. पण भाषांतराचं काय? मूळ इंग्रजी वाक्यात एक शब्द बदलला की भाषांतर-फाइल अद्ययावत करणारं ‘एमएसजीमर्ज’ जुनं भाषांतर फझी (संशयास्पद) ठरवतं आणि त्या फाइलीतून वापराची फाइल बनवणारं ‘एमएसजीएफएमटी’ फझी नोंदी वगळून टाकतं. एरर येत नाही. पडद्यावर मराठीच्या मधेच एक इंग्रजी ओळ दिसते. म्हणून आरसीच्या आधी मूळ वाक्यं गोठवायची, आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांतर-फाइलींत फझी व न झालेल्या नोंदींचा आकडा शून्य आल्याशिवाय पुढं जायचं नाही.

त्याहून नाजूक आहे तो झेडडब्ल्यूजे, जोडअक्षरातला न दिसणारा वर्ण. तुम्ही सुचवलेली ‘फाइल साफ करणारी’ स्क्रिप्ट असे अदृश्य वर्ण काढून टाकते. मराठीत र, हलंत आणि मग झेडडब्ल्यूजे असा क्रम असतो. तो गेला की ‘दर्‍या’चं ‘दर्या’ होतं, डोंगरातल्या दरीचा समुद्र! (ऱ हे वेगळं अक्षर वापरून टाइप केलं असेल तर हा धोका नाही.) कन्नडात क्रम वेगळा: र, झेडडब्ल्यूजे, मग हलंत. तो गेला की र पुढच्या अक्षरानंतर अर्कावत्तू (कन्नडातला रफार) होऊन बसतो. एकच क्रम बरोबर धरून दोन्ही फाइलींवर फिरणारी स्क्रिप्ट एका भाषेची वाट लावणारच. हे नजरेनं तपासायला दोन्ही लिप्या वाचणारा माणूस लागतो. आपल्या भागात तो घरोघरी आहे, आणि कागदात त्याच्या तपासणीला स्वतंत्र पायरी आहे.

एक विनंती. आता प्रत्येक पायरीखाली कमांड, ती नीट चालली तर काय दिसेल आणि न चालली तर काय करायचं, एवढं लिहिलंय. तुम्ही हा कागद हातात घेऊन, कुणाला न विचारता, टेस्ट-पायपीआयवर (पायपीआयच्या सरावाच्या साइटवर) 1.4.0आरसी1 चढवून बघा. तिथलं खातं आणि टोकन (अपलोडसाठीची गुप्त किल्ली) वेगळं काढावं लागतं. जिथं अडाल त्या पायरीचा नंबर कळवा. ती पायरी नव्यानं लिहितो.