‘सडेतोड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलं आहे)

श्री. सडेतोड (की श्रीमती? टोपणनावावरून कळत नाही),

‘बायबल न वाचता युरोप कळेल का?’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हव्वेने खाल्लेलं म्हणून मी लिहिलेलं सफरचंद बायबलात नाहीच, हा तुमचा पहिला आक्षेप. युरोप घडवला तो ग्रीकांनी आणि रोमनांनी, हा दुसरा. बायबलचा आधार घेऊन गुलामगिरीचं समर्थन झालं त्यावर मी चकार शब्द काढला नाही, हा तिसरा. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: ‘लेखकाने बायबल खरंच वाचलंय की विकिपीडियावरून म्हणींची यादी उतरवलीय? आज युरोपात चर्चमध्ये कुत्रं फिरकत नाही, कसला प्रभाव?’ पुढे डोळा मारणारा पिवळा चेहरा.

सफरचंदाचं मान्य. चूक माझी. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात नुसतं ‘फळ’ आहे. मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलच्या छतावर अंजिराचं झाड काढलं, तर सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक लूथर, त्याचा चित्रकार मित्र क्रानाख याच्या 1526 च्या चित्रात झाड सफरचंदांनी लगडलेलं आहे. लॅटिनमध्ये ‘मालुम’ म्हणजे सफरचंदही आणि वाईटही. त्या कोटीतून हे फळ हव्वेच्या हाती आलं, असं एक जुनं स्पष्टीकरण आहे. खरं तर पुस्तकात नसलेलं फळ अख्ख्या युरोपाला त्यात दिसायला लागलं, ही माझ्याच बाजूची साक्ष झाली. पण राहू दे. पळवाट काढतो म्हणाल.

आता ते वाक्य. मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘वाचलंय की उतरवलीय’ हा प्रश्न नव्हे, हा टोमणा आहे. समोरासमोर बसून तुम्ही असं बोलला असतात? पुण्यात सव्वीस वर्षं जर्मन शिकवून निवृत्त झालो आहे. लूथरने जर्मनमध्ये आणलेलं बायबल मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा विकिपीडिया जन्माला यायचा होता.

1993-94 साली मी लाइपझिगला होतो. एका निवृत्त ट्रामचालक बाईंच्या घरी भाड्याची खोली होती. पूर्व जर्मनीत वाढलेल्या बाई, देवाधर्माशी संबंध शून्य. ‘चर्चची पायरी शेवटची चढले ती आईच्या लग्नाच्या फोटोत,’ असं म्हणायच्या. मी पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरात बसून घरच्या आठवणी सांगत सुटलो तेव्हा बटाटे सोलता सोलता त्या म्हणाल्या, ‘वेस दास हेर्त्स फोल इस्ट, देस गेट देअर मुंड उबर.’ मन भरलं की तोंडावाटे सांडतं. आपल्याकडे आडात असेल तर पोहऱ्यात येतं, तसं. मला वाटलं, गावाकडची म्हण असेल. ती बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली ओळ निघाली. बाईंना ते ठाऊकच नव्हतं. सांगितल्यावर त्या जरा घुश्श्यातच म्हणाल्या, ‘काहीतरीच! हे माझी आजी म्हणायची.’

नेमकी हीच ओळ घेऊन लूथर 1530 मध्ये आपल्या टीकाकारांशी भांडला होता. (टीकाकार तेव्हाही होते, आणि त्यांचाही सूर तुमच्यासारखाच होता.) लॅटिन बायबलात आहे, ‘अंतःकरणाच्या विपुलतेतून मुख बोलते.’ लूथर विचारतो, असं कुठला जर्मन माणूस बोलतो? घरातल्या आईला विचारा, गल्लीतल्या पोरांना विचारा, बाजारातल्या साध्या माणसाला विचारा, आणि त्यांच्या तोंडाकडे बघा. जर्मन बायबल त्याच्या आधीही होतं. मेंटेलिन नावाच्या मुद्रकाने स्ट्रासबुर्गला 1466 मध्येच छापलं होतं. पण ते लॅटिनला घट्ट धरून चालणारं, अवघडलेलं जर्मन होतं. लूथरने वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून बसलेला असताना, कशाबशा अकरा आठवड्यांत, इरॅस्मस या पंडिताच्या ग्रीक पाठावरून नवा करार (बायबलचा ख्रिस्ताबद्दलचा दुसरा भाग) जर्मनमध्ये आणला. सप्टेंबर 1522 ची आवृत्ती हातोहात गेली आणि डिसेंबरात दुसरी काढावी लागली. जुन्या करारातल्या बळींच्या वर्णनासाठी त्याने म्हणे खाटकाकडून मेंढ्या कापून घेतल्या आणि एकेका आतड्याला काय म्हणतात ते विचारून घेतलं. बाजारातली भाषा अशी पुस्तकात गेली आणि पुस्तकातून परत बाजारात आली. चारशे सत्तर वर्षांनी ती एका नास्तिक बाईच्या बटाट्यांपर्यंत पोचली. ‘सात शिक्क्यांचं पुस्तक’ (म्हणजे न उलगडणारी गोष्ट), ‘डुकरांपुढे मोती’ हे जर्मन माणूस दिवसातून दहादा बोलतो, ते याच वाटेने आलेलं. यातली दुसरी म्हण इथे वापरायचा मोह मी आवरतो.

आणि चर्चमध्ये कुत्रं फिरकत नाही म्हणालात. त्याच बाई ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मला थॉमस चर्चमध्ये घेऊन गेल्या. संगीतकार बाख तिथे 1723 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1750 पर्यंत, कँटर (चर्चच्या संगीताचा प्रमुख) होता. त्याचं ‘मत्तयकृत पॅशन’, म्हणजे येशूच्या अखेरच्या यातनांची गायनरचना, ऐकायचं होतं. खालची बाकं भरलेली, आम्हाला वरच्या सज्ज्यात एका खांबाआड जागा मिळाली. या रचनेत निवेदक जे गातो ते मत्तयाचे सव्विसावा आणि सत्ताविसावा अध्याय, लूथरच्या शब्दांत. बाखने 1736 च्या सुवाच्य प्रतीत बायबलातले शब्द लाल शाईने लिहिले आहेत. पुढे प्रतिकृतीत ती पानं पाहिली तेव्हा मला आमच्या पोथ्यांमधली लाल अक्षरं आठवली. तर येशूचा शिष्य पेत्र ‘मी त्याला ओळखत नाही’ असं तिसऱ्यांदा म्हणतो, कोंबडा आरवतो, पेत्र बाहेर जातो आणि ‘वायनेटे बिटरलिश’, ओक्साबोक्शी रडतो. त्या ‘रडला’ शब्दावर सूर असा वळत, लांबत जातो की गायकाला तिथे श्वास पुरवून वापरावा लागतो. मी बाजूला पाहिलं. बाईंचे ओठ हलत होते. शब्दन् शब्द पाठ. घरी परतताना ट्राममध्ये मी विचारलं तर म्हणाल्या, ‘विश्वास कुठे आहे माझा? पण हे आमचं आहे ना.’

आता तुमच्या आकडेवारीत (जी तुम्ही दिलेली नाही) या बाई कुठे बसतात? चर्चला न जाणाऱ्यांत. तिथेच गफलत आहे. मी श्रद्धेबद्दल लिहिलंच नव्हतं. भाषेबद्दल आणि कानाबद्दल लिहिलं होतं. लेखाचा दुसरा परिच्छेद पुन्हा वाचावा. पहिल्या वेळी घाईत राहिला असावा.

ग्रीक-रोमनांचं म्हणाल तर त्यांना मी कुठे हाकललं? नवा करार मुळात ग्रीकच आहे. तो वाद इथे उगाच वाढवत नाही.

गुलामगिरीचं खरं आहे, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लिंकनने 1865 च्या भाषणात म्हटलंच होतं की अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात. एका लेखात सगळं का नाही, अशी तक्रार करणाऱ्याला मी काय सांगणार? हळदीकुंकवाला बोलावलं तर बारशाचं जेवण का नाही म्हणून विचारायचं, तशातली गत.

असो. मूळ लेखात ‘सफरचंद’ खोडून ‘फळ’ केलं आहे. खाली तळटीप टाकून आभार मानायचे आहेत, पण ‘सडेतोड यांचे आभार’ हे वाचायला बरं दिसत नाही. खरं नाव कळवलंत तर ते घालतो.